फोन चालू ठेवा

मी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. चौकशीच्या खिडकीमागं बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाडीची नोंद करायची, माईकवर पुकारा करायचा आणि उरलेला वेळ "पाटण कधी हाय?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. माझं उत्तर ठरलेलं असे. "येईलच आता, दहा मिनिटांत." गाडी कुठं आहे याचा मला बऱ्याचदा पत्ता नसायचा. पण दहा मिनिटं म्हटलं की माणूस बाकावर जाऊन बसतो आणि खिडकी मोकळी होते. वीस मिनिटांनी तो परत यायचा, मी परत दहा मिनिटं द्यायचो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतरची पाच-सहा वर्षं मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होतो.

डिसेंबर २०१६. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की बूट निघता निघत नसे. जेवणाचं ताट समोर आलं की मळमळायचं. पित्ताच्या गोळ्या खाऊन महिना काढला. मग एका रात्री आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून उशाला भिंत लावून बसून झोपलो. सकाळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ११.२. चांगल्या माणसाचं ते एकाच्या आसपास असतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसून लहान झालेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी कधीपासून आहे?" मी म्हणालो, "मला बीपी नाही." त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला. १९० आणि ११०. बीपी नाही असं मी म्हणत होतो, कारण कधी मोजलंच नव्हतं. वय अडतीस. बीपीनं आधी किडन्या खाल्ल्या, की बिघडलेल्या किडन्यांनी बीपी वाढवलं, हे इतक्या उशिरा सांगता येत नाही असं ते म्हणाले.

त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं म्हणून दोन बाटल्या रक्त चढवलं. त्या दोन बाटल्यांची गोष्ट पुढं येईल.

जानेवारीत डाव्या हातावर फिस्टुला केला. मनगटाजवळ रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडतात. रोहिणीतलं जोराचं रक्त नीलेत शिरतं आणि सहा-आठ आठवड्यांत ती शीर फुगून सुया टोचायला तयार होते. त्यावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. न्यूट्रलवर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवावा तशी. ती थरथर बंद पडली तर फिस्टुला बंद पडला. त्यामुळं सकाळी डोळे उघडायच्या आधी माझा उजवा हात डाव्या मनगटावर जायचा. गाडी चालू आहे ना, बघायला. देवाचं नाव त्यानंतर.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातची पाळी, चार तास. दाभणासारख्या दोन सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. गेल्या गेल्या काट्यावर उभं करायचे आणि टेक्निशियन विचारायचा, "दादा, आज किती आणलं?" म्हणजे दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात किती पाणी साठवून आणलं. लघवी जवळपास बंद झालेली, त्यामुळं प्यालेलं पाणी अंगातच मुक्काम करतं. अडीच किलो वजन वाढलं म्हणजे अडीच लिटर पाणी. तेवढं चार तासांत ओढून काढायचं. जास्त आणलं की पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ओरडू नये म्हणून मी चादर चावायचो. एकदम बीपी पडलं की छताचा पंखा लांब लांब जायला लागायचा.

डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाणी सांगितलं होतं. त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. बायकोनं त्यावर तोड काढली. सकाळी लिटरची बाटली भरून ठेवायची. मी अर्धा कप चहा प्यालो की तेवढंच पाणी बाटलीतून तुळशीला. वाटीभर आमटी खाल्ली की तेवढं पाणी तुळशीला. बाटली रिकामी झाली की दिवस संपला, मग घड्याळात चार का वाजले असेनात. एप्रिलात स्टँडच्या पत्र्याखाली बसून मी दुपारी दोनलाच बाटली संपवायचो आणि रात्री बर्फाचा एक खडा जिभेखाली धरून झोपायचो. कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर येऊन मिळतात, त्या गावात माझी ही गत. त्या वर्षी आमच्या तुळशीसारखी तुळस आळीत कुणाची नव्हती.

भाज्या चिरून, भिजवून, उकळून, पाणी फेकून करायच्या, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. चवही निघून जाते. केळं, संत्रं, टोमॅटो, शहाळं बंद. आमच्यात सहा नंबरच्या बेडवर एक मामा असायचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही एकमेकांना बेडच्या नंबरानंच ओळखायचो. त्यांच्या पुतणीच्या लग्नात उन्हाचा चटका होता. कुणीतरी शहाळं फोडून हातात दिलं, ते दोन प्याले. रविवारी लग्न झालं. सोमवारी सहा नंबरचा बेड रिकामा होता. पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं हे आम्हाला भिंतीवरच्या तक्त्यावर रोज दिसायचं, पण त्या दिवशी खरं वाटलं.

किडनी घरातून मिळाली असती तर हे सगळं लवकर संपलं असतं. माझा रक्तगट ओ. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, पण घेताना फक्त ओ कडूनच. बायको एबी. आईचा गट ओ, पण वय सहासष्ट आणि पंधरा वर्षांचा मधुमेह. बहीण तपासणीत नापास झाली, तिलाही साखर निघाली, तीही पहिल्यांदाच. राहिला भाऊ. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "दादा, माझी घे, विचारतोस काय." तीन आठवड्यांनी त्याचा फोन लागेना. मग लागायला लागला, पण वहिनीच उचलायची. मी एक दिवस त्याला कामावर जाऊन भेटलो आणि म्हणालो, "नको. मी यादीत नाव घालतोय." त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्याला दोन लहान मुली आहेत. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला आजही माहीत नाही, त्यामुळं त्याच्यावर राग धरायला कधी जमलं नाही. थोडा धरला होता, खोटं कशाला बोला.

सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलमार्फत कॅडेव्हरच्या, म्हणजे मृत दात्याकडून किडनी मिळण्याच्या, यादीत नाव लागलं. ही यादी झेडटीसीसी ठेवतं, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र. महाराष्ट्रात अशी चार आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. कुणी ब्रेन डेड झालं, म्हणजे मेंदू कायमचा मेला पण यंत्रावर हृदय चालू आहे, आणि घरच्यांनी होकार दिला, तर अवयव यादीप्रमाणे जातात. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टर लागतात आणि सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. १९९४ च्या कायद्यानं हे बांधून दिलंय. सर्वसाधारणपणे एक किडनी दाता ज्या हॉस्पिटलात आहे तिथल्या पेशंटला आणि दुसरी सगळ्यांच्या यादीला. यादीत गुण असतात. डायलिसिसवर किती महिने काढले त्याचे, वयाचे, आणखी कशाकशाचे. एसटीत जशी सेवाज्येष्ठता, तसंच काहीसं.

समन्वयक मॅडमनी कागदांवर सह्या घेतल्या. मी विचारलं, "साधारण किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे वर्ष, दोन वर्षं?"

"सांगता येत नाही. फोन चालू ठेवा. आणि ताप आला, हॉस्पिटलात दाखल झालात, रक्त चढवलं, काहीही झालं तर मला कळवा."

मला त्यांचा राग आला. दहा मिनिटं म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

त्या दिवसापासून फोन अंगाचा भाग झाला. आंघोळीला जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला. सिनेमा बंद, कारण थेटरात रेंज जाते. कोकणात बहिणीकडं जाणं बंद, कारण घाटात रेंज नाही आणि तिथून पुणं लांब. पोरगा तेव्हा सातवीत होता, त्यानं मॅडमच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावून दिली. ती वाजायची नाही. दुसरी वाजायची, आणि पलीकडून कुणीतरी गोड आवाजात विचारायचं, "सर, पर्सनल लोन हवंय का?" कर्ज तर तोवर पतसंस्थेचं झालंच होतं. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून व्हायचं, पण रक्तवाढीची इंजेक्शनं आणि बाकीची औषधं खिशातून.

लोक धीर द्यायचे. "देव परीक्षा बघतो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की पेपर नेमका कुठल्या विषयाचा ते तरी सांगा, असं वाटायचं. एकानं काढा आणून दिला, महिन्याभरात किडनी उघडेल म्हणाला. मी बायकोला न सांगता प्यालो. महिन्याच्या रिपोर्टात पोटॅशियम ६.८ आलं आणि डॉक्टरांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आणि आई. आमचं दैवत पालचा खंडोबा. कऱ्हाडच्या उत्तरेला तारळी नदीकाठी त्याचं देऊळ आहे, पौषात मोठी यात्रा भरते. नोंदणी झाल्यावर पहिल्या रविवारी आई म्हणाली, "चल, नवस बोलते." आम्ही गेलो. ती गाभाऱ्यासमोर पदर पसरून उभी राहिली. बराच वेळ तशीच. मग पदर खोचला, भंडारा कपाळाला लावला आणि वळली. परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय बोललीस?"

"काय न्हाय."

"का?"

तिनं खिडकीतून बाहेर बघतच सांगितलं. "म्या म्हनलं, देवा, माझ्या लेकराला किडनी मिळू दे. आन मग ध्यानात आलं, ती कुणाची मिळायची? कुणाचं तरी लेकरू जायाचं, तवाच मिळायची न्हवं? आसं कसं मागू त्येला?"

मी गप्प झालो. हा विचार मला आला नव्हता असं नाही. आला की मी तो बाजूला सारायचो. शनिवार-रविवारी, पाऊस पडला की, हायवेवर अपघात झाल्याचं ड्रायव्हर लोक सांगायला लागले की माझा हात आपोआप खिशातल्या फोनवर जायचा. मग स्वतःचीच किळस यायची. स्टँडवर बसणाऱ्याला अपघाताच्या बातम्या आधी कळतात. पूर्वी ते नुसतं वाईट वाटणं होतं. आता त्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं आणि ते चाळून वेगळं काढता येत नव्हतं.

त्यानंतर आईनं एक रीत पाडली. महिन्यातल्या एका रविवारी पालला जायचं आणि काही मागायचं नाही. "नुसतं जाऊन यायचं," ती म्हणायची. मी सोबत जायचो. मला प्रार्थना म्हणजे मागणं एवढंच माहीत होतं, त्यामुळं तिथं उभं राहून काय करायचं हे कळायला बराच काळ गेला. पहिले काही महिने मी नुसता घंटेकडं बघत होतो. आई मात्र शांत असायची. मला वाटतं, मागायचं नाही असं ठरवल्यावर तिचं भांडण मिटलं होतं. माझं मिटायला पहिला फोन यावा लागला.

तो आला फेब्रुवारी २०१९ मध्ये, रात्री पावणेबाराला. "ताप, खोकला काही आहे? शेवटचं डायलिसिस कधी झालं? तोंडात काही घालू नका, निघा. तुम्ही तिसरे आहात." किडन्यांपेक्षा जास्त पेशंट बोलावतात. कुणाचा क्रॉसमॅच, म्हणजे दात्याशी रक्ताचा मेळ, जुळत नाही, कुणाला ऐनवेळी ताप निघतो. तिसरा म्हणजे स्टँडबाय. आम्हाला तो शब्द नीटसा ऐकूच आला नाही. मित्राची गाडी, उंब्रज, सातारा, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ. अडीच तासांत पुण्यात.

क्रॉसमॅचला काही तास लागतात. आम्ही तिघं आणि तिघांच्या बायका पॅसेजमध्ये बसून होतो. एक जण माझ्यापेक्षा लहान होता, पंचवीस-सव्वीसचा, फॉर्मल शर्ट घालून आलेला, जणू इंटरव्ह्यूला. आम्ही एकमेकांशी अगदी अदबीनं बोलत होतो. पहाटे मी पाणी न पिता नुसता चेहरा धुवायला म्हणून खाली उतरलो. आयसीयूच्या बाहेर, जिन्याजवळ, आठ-दहा माणसं जमिनीवर बसली होती. कुणी रडत नव्हतं. एका मध्यमवयीन बाईच्या मांडीवर मोटरसायकलचं हेल्मेट होतं. काचेला तडा गेलेला. ती त्याच्यावरून हात फिरवत होती, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

ती माणसं त्याच दात्याची होती की दुसऱ्या कुणाची, मला माहीत नाही. विचारायचं नसतं, आणि मी विचारलं नाही. मी चेहरा धुतला नाही. तसाच वर आलो.

सकाळी सहाला मॅडम आल्या. पहिल्या नंबरचा क्रॉसमॅच जुळला होता. त्या शर्टवाल्या पोराचा. दुसरी किडनी दुसऱ्या हॉस्पिटलला गेली. आम्ही दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. परत येताना शिरवळला चहाला थांबलो तेव्हा बायको गाडीत बसून रडली. मला रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते मी तिला बरेच महिने सांगू शकलो नाही. ती किडनी मला मिळाली असती तर ते हेल्मेट आयुष्यभर माझ्या मांडीवर राहिलं असतं.

पण त्याच पॅसेजमध्ये मला एक गोष्ट कळली. माझ्या वाट बघण्यानं कुणी मरत नव्हतं. ते पोर मोटरसायकलवर बसलं तेव्हा मी कुठल्या नंबरवर आहे याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. संबंध आला असेल तो त्या बाईनं मान हलवली तिथून पुढं. त्यामुळं मागायचंच झालं तर एवढंच, की कुणावर ती वेळ आलीच तर त्याला 'हो' म्हणायचं बळ मिळो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तेवढं माग." आणि स्वतः मात्र मागितलं नाहीच.

आणखी एक झालं. खिडकीवर मी दहा मिनिटं म्हणायचं सोडलं. "गाडीचा पत्ता नाही, विचारून सांगतो," असं खरं सांगायला लागलो. लोक भडकले. "मग तुमी हितं बसलाय कशाला?" एक म्हातारी तर म्हणाली, "आवो, दहा मिंटं म्हना की! तेवढंच बरं वाटतंय." मॅडमच्या 'सांगता येत नाही'चा मला जो राग यायचा तो आता माझ्या वाट्याला येत होता. पण त्या दोन वर्षांत मॅडमचं एकही वाक्य खोटं निघालं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा फोन आला की मी विचार न करता निघू शकत होतो.

पुढचा काळ भराभर सांगतो, कारण तो भराभर गेला नाही आणि त्यात सांगण्यासारखंही फार नाही. ऑगस्ट २०१९ ला महापूर आला, प्रीतिसंगमावर पाणी चढलं, सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्या बंद. आमच्या सेंटरला एक दिवस टँकर उशिरा पोचला आणि आम्ही सगळे पुराच्या गावात डायलिसिसच्या शुद्ध पाण्याची वाट बघत बसलो. मार्च २०२० ला एसटी बंद. रिकामा स्टँड मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. अवयवदान जवळपास थांबलं. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "आत्ता कुणाचंच काही होत नाहीये, घरी सांभाळून राहा." डायलिसिसवाल्याला घरी राहता येत नाही. पास काढून, मास्क लावून, आठवड्यातून तीनदा जायचंच. त्या वर्षात आमच्या पाळीतले चार बेड बदलले.

जानेवारी २०२१ ला दुसरा फोन. यावेळी मी पहिला होतो. रात्रभर बसलो आणि पहाटे कळलं, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. दवाखान्यात हा शब्द कधी चांगली बातमी आणत नाही. दात्याच्या पेशी आणि माझं रक्त एकत्र केलं तर माझं रक्त त्यांच्यावर तुटून पडत होतं. पहिल्या आठवड्यात चढवलेल्या त्या दोन बाटल्या रक्तानं माझ्या अंगात ही सवय लावून ठेवली असावी, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा रक्त चढवलं नसतं तर मी तेव्हाच गेलो असतो. ते ऐकून मला हसू आलं, आणि बायकोला वाटलं याचं डोकं फिरलं.

त्या परतीच्या प्रवासात मात्र मी रडलो. खंबाटकी ते सातारा.

नंतर नंतर वाट बघणं बोथट झालं. त्याला श्रद्धा म्हणावं की सवय, मला ठरवता येत नाही. फोन पिशवीत घालून खुंटीला लावायचो, पण वाजेल असं वाटायचं नाही. एसटीच्या संपाच्या महिन्यांत पगार थांबला तेव्हा बायकोनं घरगुती डबे सुरू केले. पोरगा दहावी झाला. पालचा रविवार चुकला नाही. मी आता घंटेकडं बघत नव्हतो. डोळे मिटून मनगटावर बोटं ठेवायचो, आणि त्या थरथरीबरोबर जेवढं काही मनात येईल तेवढं येऊ द्यायचो.

नोव्हेंबर २०२२. दुपारी तीन वाजून गेलेले, मी ड्युटीवर. माईकवर चिपळूणच्या गाडीचा पुकारा करत होतो आणि ती रिंगटोन वाजली. पोरानं पाच वर्षांपूर्वी लावलेली. माईक चालू होता, त्यामुळं ती सगळ्या स्टँडनं ऐकली.

"शेवटचं डायलिसिस?"

"आज सकाळी."

"निघा. तुम्ही दुसरे आहात."

घरी आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "जाऊन ये." पालला निघताना म्हणायची तसंच.

यावेळी किडनी दुसऱ्या हॉस्पिटलातून बर्फाच्या पेटीतून येणार होती. रात्री एक वाजता मॅडम आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्या कधी बसल्या नव्हत्या. "निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. पहिल्या नंबरच्या माणसाला छातीत संसर्ग निघाला होता. तो पलीकडच्या बाकावर बायकोशी हळू आवाजात बोलत होता. मला त्याच्याकडं बघवलं नाही. तोच उठून आला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

पहाटे चारला आत नेलं. शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या जांघेच्या वर टाके होते. नवी किडनी तिथं बसवतात, जुन्या काढत नाहीत. मी पहिला प्रश्न विचारला, "लघवी झाली?"

झाली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला परत डायलिसिसवर घेतलं. नवी किडनी पोटात आणि मी मशीनवर. डॉक्टर म्हणाले, "किडनी झोपलीय. बर्फात राहून आलेली आहे, कॅडेव्हरमध्ये असं होतं. उठेल." "कधी?" तोंडातून निघूनच गेलं. डॉक्टर हसले. मी म्हणालो, "राहू दे."

सहा वर्षांत शिकलेलं सगळं त्या नऊ दिवसांत खलास झालं. मी चिडलो, जेवण ढकललं, बायकोला नको ते बोललो. खिडकीबाहेरच्या कावळ्यावरसुद्धा ओरडलो. धीर ही एकदा कमावली की साठून राहणारी वस्तू नाही, निदान माझ्याकडं तरी राहिली नाही. दहाव्या दिवशी पहाटे पिशवी बदलायला आलेली सिस्टर ओरडली, "दादा, सत्तर एमएल!" शेजारच्या बेडवरचा माणूस दचकून उठला. दुपारपर्यंत अडीचशे. दुसऱ्या दिवशी अकराशे. क्रिएटिनिन खाली यायला लागलं तसं डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं. मी पहिल्यांदा भरलेला ग्लास हातात घेतला आणि सवयीनं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "प्या की. इथं तुळस नाही."

दाता कोण ते सांगत नाहीत. पेपरात कधीकधी अवयवदानाच्या बातम्या नावानिशी येतात. ऑपरेशननंतरच्या दिवसाचा पेपर बायकोनं विकत घेतला होता आणि घडी न मोडता बॅगेत ठेवला होता. तो आता कुठं आहे ते तिलाच माहीत. मी मागत नाही. तिनंही वाचलेला नाही, असं ती म्हणते.

पुढच्या नोव्हेंबरात पोरगा केक आणायचा म्हणाला होता, नवा वाढदिवस म्हणून. आईनं आधीच सांगून ठेवलं, "त्या दिवशी कुणाच्या घरात वर्षश्राद्ध आसंल. केक न्हाय आणायचा." त्याच्या आधी, सर्वपित्री अमावास्येला, १४ ऑक्टोबर २०२३ ला, तिनं म्हाळ घातला. वडलांचा म्हाळ त्यांच्या तिथीला होऊन गेला होता. तरी सकाळपासून चूल पेटली. खीर, कढी, वडे, गवार, आळूचं फतफतं. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अमुशाचं कुणाचं हो? तुमच्यात तर तिथीला झालं न्हवं?"

आई वडे तळत होती. "नाव ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर आमच्यातलंच हाय."

पान घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. पहिलं वर्ष म्हणून मला अजून गर्दीत जायला बंदी होती, गच्चीवर चालत होतं. पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं. एक कावळा समोरच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसला, मान वाकडी करून बघत राहिला आणि उडून गेला. दुसरा आला, तोही तसाच. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. उन्हानं खिरीवर साय धरली.

"पप्पा, कधी शिवणार हा?" पोरगं कंटाळलं होतं.

"माहीत नाही."

"झाकून ठेवू का तोवर? माश्या बसतायत."

"झाकू नगंस," आई म्हणाली. तिनं जिन्यातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून टाकीच्या सावलीला घेतली आणि बसली. "शिवंल तवा शिवंल. तू जा खाली, जेवून घे."